टोल्यावर उठणारे पाय

माझ्या बापाला खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं. मालकाच्या कोठीच्या ओसरीत. एका पाहुण्याला त्याच्या गुडघ्यावर मारायचं होतं म्हणून.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पलीकडं, सागवानात. जमीन मालकाची, झोपडीखालची जागा मालकाची, म्हणून आम्हीही त्याचेच. कोठीसमोरच्या मोहाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मालकाचा दिवाणजी तो ठोकायचा. टोला पडला की धडधाकट असेल त्यानं हातातलं टाकून धावायचं. पाणी भरा, लाकडं फोडा, शिकारीसाठी रान उठवा. उशीर झाला तर काठी. जमीनदारी बुडाली असं बाजारात लोक सांगत. रुळाचा तुकडा तिथेच लटकत होता.

त्या दिवशी मालकाकडे नागपूरचे एक डॉक्टर आले होते. जेवणं होऊन पान चाललं होतं. मालक म्हणाला, "थांबा, गंमत दाखवतो." आणि टोले द्यायला लावले. काम काहीच नव्हतं.

आम्ही धावलो. बाप अर्ध्या जेवणावरून उठला, हाताला आंबील तशीच. मागं मी, तेव्हा लग्नाच्या वयाची झालेली. सगळा गाव अंगणात मान खाली घालून उभा, आणि ते दोघे पोट धरून हसत होते.

"अगदी त्या कुत्र्यासारखं," डॉक्टर म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकले होते, शहरी बोलणं मला कळायचं. "एका शास्त्रज्ञानं कुत्र्याला खाणं देताना रोज घंटा वाजवली. पुढं नुसती घंटा ऐकली तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं."

कुत्र्याला निदान खाणं तरी मिळालं होतं. आमच्या घंटेमागं काठी होती.

मग त्यांनी बापाला बोलावलं. "बस रे खुर्चीवर." बाप बसेना. दिवाणजीनं खांदे दाबून बसवला. "पाय सैल सोड." मालकासमोर सैल कसं व्हायचं ते माझ्या बापाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दटावलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाताच्या कडेनं एक फटका मारला. पाय उडाला. अंगठा डॉक्टरांच्या पांढऱ्या पाटलोणीला लागला.

बाप खुर्चीवरून उतरून फरशीवर आडवा झाला. "चुकी झाली मालक. मी नाई मारलो. पाय आपोआप गेला."

पुन्हा हसू. मालकाला ठसका लागेपर्यंत हसू.

"याचा दोष नाही," डॉक्टर मालकाला सांगू लागले. "ही हालचाल जन्माची. मेंदूला विचारावं लागत नाही, पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो. घंटेवर धावणं वेगळं. ते मेंदूला शिकवलेलं असतं."

"मग विसरतात का?" मालकानं विचारलं.

"विसरतात ना. घंटा वाजत राहिली आणि मागोमाग काहीच आलं नाही, तर हळूहळू जातं. मधूनच पुन्हा उसळतं, एवढंच."

त्यांची ती जेवणानंतरची करमणूक होती. वाकणं आमच्या रक्तातच आहे असं मी समजत होते. माझी आईसुद्धा मरेपर्यंत म्हणायची, आपला जलमच असा. शिकवलेलं. हा शब्द कानात बसला. माझ्या अंगात हे कुणीतरी काठीनं शिकवून ठेवलं होतं. इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. पण मान वर झाली नाही.

घरी म्हटलं, "बाबा, उद्या टोल्यावर जाऊ नका."

"काऊन वं?"

"आपण कुत्रे नाई."

तो गुडघा चोळत बसला. "मले समजते बाई. पण टोला पडला का पाय उठूनच जाते. अन् नाई गेलो तं झोपडी मोडतीन. मंग कुठी जाचं?"

 

सकाळी टोले पडले. बाप गेला. मीही उभी राहिले होते, ते उभी राहिल्यावर कळलं. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी दाराचा खांब धरला.  कुणी मारत नव्हतं, तरी पाठ काठीची वाट पाहत होती.

काठी माझ्यापर्यंत आलीच नाही. दिवाणजीनं माझ्यापायी बापाला उन्हात ओणवं केलं, पाठीवर दगड ठेवून. मला तो दारातून दिसत होता. मी धावत गेले असते तर तो सुटला असता. मी गेले नाही. हे लिहितानाही रडू येतं.

ऊन चढल्यावर तो आला, पाणी प्यायला.

"बसूनच होती का?"

"हव."

 त्यानं मला मारलं नाही.

बाप शेवटपर्यंत टोल्यावर उठत राहिला. शेवटच्या तापातही उठू पाहायचा. मी चांद्याला आले. शाळेची, देवळाची, कुठलीही घंटा वाजली की माझे पाय अजून उठतात. डॉक्टर खरं बोलले होते, मधूनच उसळतं. उठले की मी खाली बसते. बाजारात असले तर बाजारात, धुळीत बसते. लोक हसतात. हसू देत. शिकवणाऱ्यांना पिढ्या लागल्या, मलाही वेळ लागेल. माझी मुलगी हे बसणं पाहते. घंटा म्हणजे शाळा भरली किंवा सुटली, एवढंच मी तिला शिकवलं आहे. दुसरं काही शिकवायला कुणी आला, तर गाठ माझ्याशी आहे.