शशीअण्णांची भिंगरी

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात महादेवपुऱ्याला, नव्या नोकरीच्या ऑफिसात दुपारचा डबा उघडून बसले होते. "मंजिरी, गेले गं हे," एवढंच त्या म्हणाल्या. पलीकडे त्या कुणाला तरी कन्नडमध्ये खुर्च्या आत घ्यायला सांगत होत्या, मग फोन बंद झाला. बातमी अनपेक्षित नव्हती. दोन वर्षं आम्हाला ती येणार हे माहीत होतं. तरीही मी डबा तसाच टाकून लिफ्टने खाली गेले आणि खाली पोचल्यावर आपण कशासाठी आलो ते मला आठवेना.

शशिकांत चिकोडीकर, म्हणजे आमचे शशीअण्णा, हे नाव वाचकांनी ऐकलेलं असायचं काही कारण नाही. 'भिंगरी' कदाचित काहींना आठवेल. टीव्हीला जोडून खेळायचा केशरी रंगाचा छोटा खोका आणि त्याच्यासोबत हातात धरून बटणं दाबायचे दोन कंट्रोलर. बंगळुरात बनलेला, आपल्याकडचा गेमिंग कन्सोल म्हणून त्याचं थोडंफार कौतुकही झालं होतं. त्या भिंगरीचे कंट्रोलर अण्णांनी घडवले होते. अण्णा मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड. बंगळुराच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात प्लास्टिकचे साचे बनवण्यात त्यांची पंधरा-वीस वर्षं गेली, आणि तिथून आमच्या कंपनीने त्यांना उचलून आणलं. मी पुण्याहून आलेली, मार्केटिंगची. इंदिरानगरच्या ऑफिसातल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात हा काळासावळा, जाड चष्म्याचा माणूस माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "डोळे मीट बघू." ओळख ना पाळख! मी मिटले. त्यांनी एकामागून एक कंट्रोलरच्या आकाराचे तीन प्लास्टिकचे तुकडे माझ्या हातात ठेवले आणि विचारलं, "कुठला सोडू नये वाटालंय?" मी म्हटलं, दुसरा. "का?" ते मला सांगता येईना. अण्णा खूश झाले. "सांगता येत नाही न्हवं? मग तोच बरोबर."

पहिली भिंगरी चालली, आणि आमच्या अंदाजापेक्षा चांगली चालली. घरातली माणसं खाली सतरंजीवर बसून खेळायची, हरलेला उठायचा, दुसरा बसायचा. पण परदेशी कंपन्यांची बलाढ्य यंत्रं समोर दिसत होती, आणि आमच्या संचालकांना त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही राहायचं होतं. दुसरी भिंगरी काळी, चकचकीत आणि ताकदवान केली. किंमत आवाक्यात ठेवायची म्हणून खोक्यात एकच कंट्रोलर दिला. जाहिरात मी केली होती. अंधाऱ्या खोलीत एकटा तरुण, चेहऱ्यावर निळा उजेड. अण्णांनी ती पाहिली आणि एवढंच विचारलं, "ह्याच्या घरात आणखी कोण नाही काय?" मी हसून सोडून दिलं.

दुसरी भिंगरी पडली. ती तापायची. नवा खेळ उतरवून घ्यायला अख्खी संध्याकाळ जायची. मोठे खेळ बनवणारे आमच्यासाठी वेगळी आवृत्ती काढायला तयार नव्हते, कारण आमची यंत्रं फार घरांत नव्हती. आणि खेळ नाहीत म्हणून यंत्र घरांत जात नव्हतं. दुकानदार खोके परत पाठवू लागले. ऑफिसात रोज बैठका व्हायच्या आणि प्रत्येक बैठकीतून तिसरी, आणखी ताकदवान भिंगरी बाहेर पडायची. अण्णा मात्र एके दिवशी तक्रारींची यादी घेऊन आले. "चल माझ्यासंगं. ह्या लोकांच्या घरी जाऊन येऊ."

आम्ही दोन महिने शनिवार-रविवार हिंडलो. राजाजीनगरातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी आमची काळी भिंगरी कपाटावर, स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली होती. बिघडलीय का, विचारलं तर म्हणाल्या, छे. नात येते तेव्हा लावतो, 'स्वल्प थांब, स्वल्प थांब' असं ती पडद्यावर सांगत राहते, आणि सुरू होईपर्यंत नातीची जायची वेळ होते. दुसऱ्या एका घरी दोन बहिणी एकाच कंट्रोलरवर पाळी लावून खेळायच्या आणि भांडायच्या. दुसरा कंट्रोलर दुकानात मिळतच नव्हता. आणि तिसऱ्या घरी, यशवंतपूरला, जुनी केशरी भिंगरी अजून चालू होती. बटणाची स्प्रिंग गेली म्हणून घरच्या माणसाने बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली होती. अण्णांनी तो कंट्रोलर उलटा केला, बटण दहा-बारा वेळा दाबून पाहिलं आणि त्या गृहस्थाला म्हणाले, "सरी माडिदिरी." छान केलंत. परत येताना रिक्षात त्यांचा चेहरा असा होता की जणू मुलगी सासरी सुखात आहे हे बघून आलेत.

त्या हिंडण्यातून त्यांनी चार पानं लिहून काढली. तिसरं यंत्र काढूच नका. पहिलं पुन्हा बनवा, त्याच्यातल्या चुका दुरुस्त करा. खोक्यात दोन कंट्रोलर द्या, आणि सुटा कंट्रोलर पेठेतल्या साध्या दुकानातही मिळू द्या. बटण लावलं की लगेच खेळ सुरू झाला पाहिजे. मोठ्यांच्या मागे लागू नका. इथल्या दोन-चार माणसांच्या टोळ्यांकडून कन्नड, मराठी, तमिळ बोलणारे छोटे खेळ करून घ्या. आणि दुरुस्तीची सोय आपण स्वतः करा. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलेली ती पानं मीच नीटनेटकी करून दिली होती. प्रत्येक वाक्य मला पटलेलं होतं.

बैठकीत संचालक म्हणाले, "शशी, हे म्हणजे आपण हरलो असं आपणच जाहीर करणं आहे." अण्णा म्हणाले, "हरलोय की, सर. खरं, जे हरलं नाही तेवढं तरी धरून ठेवू या." कुणीतरी हसलं. मग संचालकांनी मला विचारलं, मार्केटिंगचं काय मत? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत विनंती नव्हती, नुसता विश्वास होता. आणि मी म्हटलं, "अजून थोडा अभ्यास करायला हवा." बस्स... एवढंच. त्यांच्या बाजूनेही नाही, विरुद्धही नाही. जिन्यात त्यांनी मला गाठलं. "वाईट वाटून घेऊ नको गे. नोकरी आहे," असं त्यांनीच माझं सांत्वन केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास त्यांचा उजवा अंगठा ऐकेनासा झाला. आधी आम्हाला वाटलं, आयुष्यभर बटणं दाबून दुखावला असेल. मग पेन सुटायला लागलं, शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायला लागल्या. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मज्जातंतूंचा तो आजार सांगितला, ज्यात हातपाय, मग गिळणं, मग श्वास, असं एकेक जातं आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध काय, हा प्रश्न मी आणि वहिनींनी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारला. तिघांनीही तितक्याच मायेने, त्याला उपाय नाही, हेच सांगितलं.

आणि मग कंपनीने होकार दिला! तिसऱ्या भिंगरीला पैसे घालायला कुणी तयार होईना तेव्हा कुणाला तरी ती चार पानं आठवली. पीण्यात एक छोटी खेप काढून बघा म्हणाले. अण्णांना चाकाच्या खुर्चीतून कारखान्यात न्यायचो. त्यांचे हात म्हणून मी होते. "दाब. सावकाश. कुठं अडकतंय?" ते विचारायचे आणि मी सांगायचे, पण माझ्या अंगठ्याला जे कळत होतं ते शब्दांत येत नव्हतं, आणि आता त्यांना त्या शब्दांवाचून दुसरा मार्ग नव्हता. एकदा त्यांनी हट्टाने स्वतःचा अंगठा बटणावर ठेवायला लावला. खूप वेळ प्रयत्न केला. बटण हललं नाही. कारागीर खाली बघत उभे राहिले. अण्णा म्हणाले, "मऊ कर अजून. मला दाबता आलं, तर आज्जीलाही येईल." आम्ही मऊ केलं, दोनदा केलं. आम्ही जेवढं मऊ करू, त्याच्यापुढे त्यांचा आजार गेलेला असायचा.

ती खेप दुकानांत गेली आणि संपली. दुकानदारांचे आणखी पाठवा म्हणून फोन आले. मी ते सांगायला संचालकांकडे धावत गेले, या वेळी 'अभ्यास' वगैरे काही न म्हणता. ते म्हणाले, "मंजिरी, एवढ्याशा खेपेवरून काही सिद्ध होत नाही. आणि झालं तरी, गुंतवणूकदारांनी बंद करायचं ठरवलंय." त्यांचा आवाजही बसला होता. मी त्यांच्यावर चिडायला गेले होते, ते जमलं नाही. अण्णांचं म्हणणं बरोबर होतं की नाही हे आता कधीच कळणार नाही. भिंगरी पुन्हा उभी राहिली असती, किंवा आणखी वर्षभर धडपडून पडली असती. इंदिरानगरच्या त्या मजल्यावर आता दातांचा दवाखाना आहे. कंपनी बंद झाल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचं बोलणं जवळजवळ गेलं होतं. त्यांनी डोळे मिटले.  मग अस्पष्ट, तुटक असं काही म्हणाले. वहिनींनी वाकून ऐकलं आणि मला सांगितलं, "कामगारांना दुसरीकडे काम मिळालं का, विचारतायत."

परवा मी त्यांच्या घरी गेले होते. भाड्याने आणलेला पलंग परत गेला होता, श्वासाचं यंत्रही. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलीस, एक अडलंय." दुपारी शेजारच्या अक्का येतात, दोघी थोडा वेळ खेळतात, तेवढंच मन रमतं. पण घरातली भिंगरी सुरू झाली की 'कोण खेळतंय?' असं विचारते, आणि खाली नावं येतात. पहिलं 'शशी', मग 'सुनंदा', मग 'पाहुणे'. "दर वेळेला ह्यांचंच नाव आधी उजळतं गं. माझं वर आणता येईल का?" मी कंट्रोलर घेतला. पडद्यावर सेटिंगची सगळी पानं उघडून पाहिली. तशी सोयच नव्हती. जे नाव आधी घातलं ते वर राहणार, किंवा कायमचं पुसावं लागणार. नऊ वर्षं मी त्या कंपनीत होते, आणि हे बदलून देऊ शकेल असा फोन करायला मला कुणीही उरलं नव्हतं. "पुसलं तरच होईल, वहिनी," मी म्हटलं.  मग माझ्या हातातून त्यांनी कंट्रोलर घेतला, दुसरा माझ्यापुढे सरकवला, आणि 'शशी' या नावावरच अंगठा दाबून खेळ सुरू केला.