अक्कांना आलेला शब्द

माझ्या वडिलांचं मत ठाम होतं. देव पूर्वी माणसांच्या तोंडून बोलत असे, प्रेषित गेले आणि ते काम संपलं. आता शास्त्र आहे, ते वाचावं आणि गप्प बसावं. बाबा बेळगावात एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, त्यामुळे हे मत आमच्या घरी भाताबरोबर ताटात वाढलं जायचं. उपासनेत कुणी डोळे मिटून 'प्रभू मला म्हणाला' अशी सुरुवात केली की बाबा फक्त घसा खाकरायचे. तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे.

अशा बापाची मुलगी मी, आणि बंगळूरात येऊन अशा एका बाईच्या खुर्चीशेजारी वही घेऊन बसले जिच्या तोंडून देव बोलतो असं लोक म्हणत. बाबांना हे शेवटपर्यंत कळलं नाही. सांगायची माझी टाप नव्हती.

बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच्या थोडं आधी मी बंगळूरला आले. शॉर्टहँडची परीक्षा पास झाले होते, कॅन्टोन्मेंटमधल्या एका कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. चोविसावं वर्ष होतं. अंगणाच्या कोपऱ्यातली एक खोली भाड्यानं घेतली. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक मी. कचेरीत इंग्रजी बोलायचं, बाजारात कन्नड, शेजारी तमिळ. कन्नड मला येत होतं, अडचण भाषेची नव्हती. माझं नाव घेऊन 'जेवलीस का गं' विचारणारं माणूस त्या गावात नव्हतं. रविवारी उपासना झाली की मी बसनं चिकपेटला जायची आणि तिथल्या जुन्या मराठी कापडवाल्यांच्या दुकानात नुसती उभी राहायची. त्यांची मराठी वेगळीच, मध्ये कन्नड शब्द. 'अक्का, स्वल्प थांबा, दुसरा रंग दाखवतो.' तेवढं ऐकायला मी न लागणारे ब्लाऊजपीस घेतलेत. ट्रंकेत अकरा जमले होते. वेडेपणा नाहीतर काय!

कचेरीतली एक नर्स-मैत्रीण, म्हणजे कचेरीच्या दवाखान्यात सुया टोचणारी, मला एका शनिवारी संध्याकाळी अक्कांच्या घरी प्रार्थनेला घेऊन गेली. अक्का रेल्वेतल्या गार्डाच्या विधवा, साठीच्या आसपास, मूलबाळ नाही. कौलारू घर, पुढच्या खोलीत चटया अंथरून वीस-पंचवीस माणसं बसायची. शिंपी, आया, कारखान्यातले फिटर, दोन शाळामास्तरणी. गाणी कन्नड, प्रार्थना ज्याला जी येईल ती. आणि मग मध्येच अक्का खुर्चीत ताठ व्हायच्या, आवाज बदलायचा नाही, डोळेही उघडेच, आणि कन्नडमध्ये कुणाला तरी उद्देशून बोलायला लागायच्या. ते लोक त्याला 'शब्द आला' म्हणत.

पहिल्या वेळी मी मनातल्या मनात बाबांसारखा घसा खाकरला. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी अक्का त्या नर्सला म्हणाल्या, 'तुझी आई तुला बोलावते आहे, उद्यावर टाकू नकोस.' ती सकाळच्या गाडीनं कोलारला गेली. आई चांगली चालती-बोलती होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मांडीवर गेली. आता काय म्हणायचं? मी बाबांना मनातच विचारलं, सांगा, काय म्हणायचं?

तसं पाहिलं तर फसलेले शब्दही होते. एका शिंप्याला त्यांनी अमुक बसनं जाऊ नको म्हणून सांगितलं. तो गेला नाही, आणि ती बस सुखरूप पोचली. शिंपी म्हणायचा, 'मी नव्हतो म्हणून पोचली.'

माझा शॉर्टहँड कळल्यावर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. देव काही थांबून, श्वास घेत बोलत नसे, त्यामुळे माझ्याआधी जो फिटर लिहायचा त्याची फार त्रेधा उडायची. त्या घराचा एक नियम होता आणि त्या नियमामुळेच मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. आलेला शब्द तसाच गिळायचा नाही. प्रार्थना संपली की तीन वडील माणसं मागच्या पडवीत बसायची, मी लिहिलेलं वाचून दाखवायची, आणि ते तीन गोष्टी विचारायचे. हे शास्त्राच्या विरुद्ध आहे का? बोलणाऱ्याचा यात काही फायदा आहे का? ऐकणाऱ्याच्या मनाला शांती आहे का? तिन्हीतून पार पडलं तरच मोठ्या वहीत पक्क्या शाईनं उतरायचं. अक्का त्या वेळी स्वयंपाकघरात कॉफी करत असायच्या, पडवीत पाऊलही टाकायच्या नाहीत.

सगळे गेले की मी मागं राहायची. त्या मला 'मगळे' म्हणायच्या, म्हणजे पोरी. दोघींचं जेवण व्हायचं, मग त्या मला कोपऱ्यापर्यंत सोडायला यायच्या आणि मी वळेपर्यंत तिथंच उभ्या असायच्या. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर बाकीचा आठवडा मी कुणाशी पोटातलं बोलत नव्हते. त्याही बोलत नसाव्यात, पण हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. लोक त्यांच्याकडे सतत यायचे ना! ज्याला-त्याला शब्द हवा असायचा. बाईला काय हवंय हे कोण विचारतो?

अडीच वर्षांत मला मात्र एकही शब्द आला नाही. सगळ्यांना आले. आयाला आला, फिटरला तर तीनदा. मला राग यायचा, खरंच यायचा. पोस्टमन रोज दारावरून जावा आणि आपल्या हाती काही देऊ नये, तसं वाटायचं.

मग बाबांनी एक स्थळ आणलं. मिरजेकडचे मास्तर, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, लहान मुलगी. मी बेळगावला जाऊन त्यांना भेटून आले. नंतर त्यांनी पत्रं लिहिली, चार. एकात होतं, 'आमच्या घरात गेली दोन वर्षं कुणी मोठ्यानं हसलेलं नाही. तुम्ही फार मोठ्यानं हसता, अशी तुमच्या वडिलांनी तक्रार केली. म्हणून लिहितो आहे.' मी ते पत्र कचेरीत टाईपरायटरखाली ठेवून दिवसातून चार वेळा वाचायची. मला तो माणूस आवडला होता. लपवायचं काय त्यात!

अक्कांना मी जेवताना सांगितलं. त्या 'सरी' म्हणाल्या, बरं म्हणाल्या, आणि मला आणखी भात वाढला. पुढच्या शनिवारी प्रार्थनेत त्या ताठ झाल्या आणि माझ्याकडे वळल्या. 'मुली, या गावातून पाय हलवू नकोस. ज्यानं तुला इथं आणलं, तो इथंच तुझं घर भरील.'

माझा हात लिहीत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवाला माझा पत्ता ठाऊक होता! काय सांगितलं हे नंतर कळलं, मला सांगितलं हेच आधी कळलं.

त्या दिवशी तिन्ही वडील माणसं एका मयताला कोलारला गेलेली. शब्द पुढच्या शनिवारपर्यंत थांबायला हवा होता. पण मला कुठला दम? मिरजेला उत्तर द्यायचं होतं. मीच वही घेऊन पडवीत जाऊन बसले आणि स्वतःच्या शब्दाची पारख स्वतःच केली. शास्त्राच्या विरुद्ध? नाही. बोलणाऱ्याचा काही फायदा? यावर मी क्षणभरही थांबले नाही. माझ्यासारख्या टायपिस्ट पोरीकडून अक्कांना काय मिळणार होतं? नाही, असं लिहिलं. शांती? आहे, असं लिहिलं. नव्हती. पण लिहिलं, आणि पक्क्या शाईनं उतरवूनही टाकलं. वडील माणसं परतल्यावर वहीतली शाई बघून त्यांनी मान डोलावली. देवाच्या वहीत कोण खाडाखोड करणार?

मिरजेला मी कळवलं की देवाची इच्छा दिसत नाही. एका ओळीचं उत्तर आलं. 'ठीक आहे. मला मात्र त्यानं तसं काही कळवलं नाही.' पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी लग्न केलं, बाबांच्या पत्रातून समजलं. त्या पत्रात बाबांनी मला दुसरं काहीच लिहिलं नव्हतं.

मग मी घर भरायची वाट पाहू लागले. एक वर्ष, दोन वर्षं. चीनची लढाई झाली, कचेरीत माझी बढती झाली, खोली तीच राहिली. मंडळीतल्या मास्तरणी म्हणाल्या, शब्दाचा अर्थ आत्मिक घ्यायचा, रविवारच्या शाळेतली मुलं हीच तुझी लेकरं. मी ताडकन म्हणाले, 'मग त्यांतल्या एकाला ताप आला की त्याला माझ्या खोलीवर आणून टाका, मी रात्रभर पट्ट्या ठेवते.' सणावाराला मी खोलीत एकटीच केक कापायची आणि अर्धा घरमालकाच्या मुलांना वाटायची. वाटून परत आलं की खोली जास्तच रिकामी वाटायची. पस्तिशी उलटली तेव्हा मी वाट बघणं सोडलं.

देवानं माणसाच्या तोंडून बोलायचं ते दान आजही आहे का, बाबा बरोबर की अक्का, हे मला अनेकांनी विचारलंय. मला माहीत नाही. नर्सची आई खरोखर गेली. माझं घर खरोखर भरलं नाही. दोन्ही शब्द एकाच तोंडून आले आणि मीच दोन्ही लिहिले. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

अक्का अंथरुणाला खिळल्या तेव्हा मंडळी पांगली होती. वडील माणसांतला एक वारला होता, दोघं मुलांकडे गेले होते. मी कचेरीतून सुटले की त्यांच्याकडे जायची, अंग पुसायची, कांजी भरवायची. एके दुपारी, शनिवारी अर्धा दिवस असायचा म्हणून लवकर गेले होते, त्या अचानक म्हणाल्या, 'मगळे, तुझा तो शब्द. तो त्याचा होता की माझा, मला कळत नाही.'

मी चमचा वाडग्यात ठेवला.

'तू जाणार म्हणालीस,' त्या म्हणाल्या, 'तेव्हापासून आठवडाभर माझ्या मनात एकच. शनिवारी सगळे उठून गेले की मी कुणाशी बोलू? प्रार्थनेत तेच ऐकू आलं. आवाज नेहमीचाच होता गं. नर्सच्या वेळचाच. वेगळा असता तर मी गप्प बसले असते.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'अहो अक्का, जेवताना सांगायचं होतं ना! जाऊ नको म्हणायचं होतं! देवाला कशाला मध्ये घातलंत?'

'मी सांगितलं असतं तर तू कशाला ऐकलं असतंस?' त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. एका म्हाताऱ्या बाईसाठी कोण लग्न मोडतं? मी उठून खिडकीशी गेले. दहा वर्षं! ओरडावंसं वाटत होतं, वाडगा भिंतीवर आपटावासा वाटत होता. मागं वळले तर त्या मी गेले असं समजून दाराकडे बघत होत्या. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. हात पांघरुणावर माझा हात शोधत होता. मी परत जाऊन बसले आणि तो धरला.

'खरं सांग,' त्या म्हणाल्या. 'तो शब्द आला नसता तर गेली असतीस?'

'नसते गेले,' मी म्हणाले. 'मला काय ते मास्तर एवढे आवडले नव्हते. आणि तुम्हाला सोडून कुठं जाणार होते मी?'

'देवा, उपकार तुझे,' त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी वाडगाभर कांजी संपवली. दोन दिवसांनी गेल्या.

गेले असते. त्याच आठवड्यात, मिळेल त्या गाडीनं गेले असते.