आतोबांचं अर्धं ताट

निजामाच्या अमदानीत केजला एकापेक्षा एक खवय्ये होऊन गेले असतील. पण जेवणाची एवढी दवंडी पिटून इतकं कमी जेवणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज दुसरा झाला नाही, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. केजच्या पेठेत त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मी तेव्हा तिथल्या कचेरीत बिनपगारी उमेदवारी करत होतो आणि राहायला, जेवायला त्यांच्याकडेच होतो. सकाळी दुकानाच्या फळ्या काढता काढता आतोबा घराकडे तोंड करून हाळी देत, की आज धपाटे पाहिजेत, वर लोण्याचा गोळा पाहिजे आणि शेंगदाण्याची चटणी कालच्यासारखी भरड नको. ही मागणी समोरच्या कासारालाही ऐकू जाई. दुपारी ताट पुढ्यात आलं की आणखी वाढून घेत, तुपाची धार थांबू देत नसत, चार घास खाऊन आत्याच्या हाताची तारीफ करत आणि मग एकाएकी उठून हात धुवायला जात. अर्ध्याहून जास्त ताट तसंच भरलेलं राही.

उठायला त्यांना कुठलंही कारण चाले. कधी दुकानात गिऱ्हाईक आल्याचा भास होई, कधी उचकी लागे. एकदा तर बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला आणि आतोबा, मुक्या जनावराला तहान लागलेली असताना आपल्याला अन्न गोड लागत नाही, असं म्हणून उठले. बैल कुणाचा हे पाहायला मात्र ते गेले नाहीत. दुसऱ्या कुणाच्या घरी हे खपून गेलं असतं. पण आमची घराणी वीरशैव वाण्यांची. ताटात आलेलं अन्न हा प्रसाद. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं ताट फिरवून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, ही शिस्त पोरासोरांनासुद्धा. तिथे घरचा कर्ता पुरुष रोज ताटात टाकून उठतो म्हणजे बोभाटाच व्हायचा. प्रसाद तर फेकता येत नाही, आणि नवऱ्याचं उष्टं बायकोखेरीज दुसरं कोण खाणार? तेव्हा माझी आत्या सगळ्यांच्या मागून त्याच ताटावर बसे आणि नवऱ्याचं पाप निस्तरे.

हे पाप आतोबा मन लावून करत होते, ते का, हे मला महिन्याभरात कळलं. आत्याला दिवस गेले होते. त्याआधीची दोन लेकरं मुठीएवढी जन्मली आणि दूध ओढायचीही ताकद नसल्यामुळे गेली. घरात शब्द चाले तो आतोबांच्या आईचा. तिला सगळी पेठ माय म्हणे. मायचा नियम असा की पोटुशीनं अर्धी भाकरी आणि पातळ वरण यापलीकडे जायचं नाही; लेकरू बारीक राहिलं की बाईची सुटका लवकर होते. ती दुष्ट नव्हती. तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणात अडून गेली होती. माहेरी येऊन अंगभर खाल्लं, पोटातलं लेकरू अंगानं भरलं आणि आईला घेऊन गेलं, असं माय धरून बसली होती. पुढच्या दारी खारीक, खोबरं आणि डिंकाची पोती, आणि मागच्या दारी दोन जिवांच्या बाईला अर्धी भाकरी, असा तो संसार होता. आईचा शब्द मोडायची आतोबांची छाती नव्हती. बायकोचं आणि लेकराचं काय होणार या भीतीनं मात्र त्यांना झोप लागत नव्हती. मग त्यांनी हा मधला रस्ता काढला. माय सुनेला नाही म्हणे, लेकाला कधीच म्हणत नसे.

महिने चढत गेले तशी आतोबांची हौस वाढत गेली. कवठाची चटणी, आंबट चुका, भाजलेली चिंच, असं जे जे आत्याला हवंसं वाटे ते आतोबांना सकाळी उठल्याबरोबर खावंसं वाटू लागलं. आतोबांना डोहाळे लागले, ही बातमी पेठेतून थेट आठवडी बाजारापर्यंत गेली. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं, शेटजी, कितवा म्हैना हाय, असं भर दुकानात विचारलं तेव्हा आतोबा तराजूवरची नजर न काढता म्हणाले, "सहावा." कंबरदुखीचं निमित्त करून ते हकीमसाहेबांनाही घरी घेऊन आले. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, काही सापडलं नाही. तेव्हा आतोबांनीच त्यांच्या कानात डिंकाचे लाडू, खारकेची खीर आणि साजूक तूप असं औषध सांगितलं. हकीमसाहेब दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "मियाँ, ये तो जच्चा की खुराक है." बाळंतिणीचा हा खुराक त्यांनी मायला मात्र कंबरेचा म्हणून सांगितला. भला माणूस.

पण अति तिथे माती झाली. मायनं हकिमाचं बोलणं खरं मानलं. औषध ताटात राहिलं तर लेकाच्या कंबरेला गुण कसा येणार, या काळजीनं ती दुसऱ्या दिवसापासून हातात पंखा घेऊन आतोबांच्या ताटासमोर बसू लागली. आता उठायची सोय राहिली नाही. बैल हंबरला तर माय म्हणे, हंबरू दे. आतोबांना लाडू, खीर, तूप सगळं संपवून ताट धुऊन प्यावं लागे. चार दिवसांत त्यांच्या बाराबंदीचे बंद पुरेनात आणि पोटाची अशी दैना झाली की तांब्या हातातून सुटेना. इकडे आत्या पुन्हा अर्ध्या भाकरीवर आली. पाणी शेंदताना तिला एकदा घेरी आली, रहाटाच्या खांबाला धरून ती तशीच खाली बसली. हे आतोबांनी दुकानाच्या मागच्या दारातून पाहिलं.

त्या दुपारी मी त्यांच्या पंगतीला होतो. मायनं वाढलं, पंखा घेतला. आतोबांनी घासही न घेता ताट पुढे सारलं. पोट बिघडलं का, असं मायनं विचारलं. आतोबा खाली मान घालून म्हणाले, "माय, मला भूक तिच्या पोटात लागती. मी खाऊन ती भागत न्हाई."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला. मी वरणात भाकरी उगीच कुस्करत राहिलो. मायचा पंखा थोडा वेळ हलत होता, मग तोही थांबला. "थोरलीला मी माझ्या हातानं भरवलं व्हतं," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं लेकाचं ताट नेहमीपेक्षा भरून वाढलं आणि गल्ल्यावर कुणी नाही असं म्हणत दुकानात जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात आणखी एक नवल घडलं. जन्मात शीत न सांडलेल्या मायनं आपल्याच ताटात अख्खा लाडू ठेवला आणि, मला जात न्हाई, तू घे, असं सुनेकडे न पाहता सांगितलं. घराण्याचा हा रोग सांसर्गिक निघाला.

बाळंतपणाच्या दिवशी आतोबांनी दुकान उघडं ठेवलं आणि गूळ मागणाऱ्याला मीठ दिलं. मायनं सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. ऊन कलायला लागल्यावर सुईण बाहेर आली आणि मुलगी झाली, चांगली गुटगुटीत आहे, आईही बरी आहे, असं म्हणाली. माय उठून देवघरात गेली ती पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. मुलीचं नाव गिरजा ठेवलं.

गिरजेच्या उष्टावणाला मामा म्हणून माझे वडील आले. चांदीच्या वाटीतला खिरीचा पहिला घास गिरजेनं त्यांच्या उपरण्यावर थुंकला, रांगत जाऊन आतोबांच्या ताटातल्या भाकरीत हात घातला आणि मूठ तोंडात कोंबली. तेव्हापासून आतोबांनी घरात कायदाच केला की काऊ-चिऊचे घास बंद, लेकराच्या मागं घास घेऊन पळायचं न्हाई, घासामागं लेकरू आलं पाहिजे. ते तिच्याकडे पाठ करून मचमच आवाज करत जेवत, आणि ती मागून येऊन त्यांच्या काखेखालून हात घालून चोरून खाई. फिरून पाहिलं तर तिचं खाणं तिथंच थांबे. तिला स्वतःचं ताट दिलं की ती तोंड मिटून बसे. ही सवय मोडायची म्हणून आत्या फार बोलली, पण तीही त्याच ताटावर बसणारी, तिचं कोण ऐकणार? माय गेली, गिरजा लग्न होऊन अंबाजोगाईला गेली, हकीमसाहेब गेले. आतोबा मात्र अर्धं ताट ठेवून उठायचे राहिले नाहीत. आत्याला आता कुणी काही कमी करत नव्हतं, तरी ती त्याच ताटावर बसे आणि त्यांनी चटणी का ठेवली नाही म्हणून कुरकुरे.

आत्या गेली तेव्हा मी केजला गेलो होतो. गिरजा आली होती, तिनंच स्वयंपाक केला. आतोबा आणि मी पंगतीला बसलो. आतोबांनी काही मागितलं नाही, वाढलं ते निमूट खाल्लं. बाहेर रस्त्यानं गाडी गेली, बैलही हंबरला असेल, ते उठले नाहीत. शेवटची भाकरी संपवून त्यांनी ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी प्याले. मला फार वाईट वाटलं. गिरजा हातात परात घेऊन उभी होती. "आप्पा, आज काईच ठेवलं न्हाई?" तिनं विचारलं.

"कुणाला ठेवू?" आतोबा म्हणाले आणि कोरडं ताट त्यांनी तिच्या हातात दिलं.