राजाला कोणी सांगायचं?

रीडिंग गावी डॉ. श्रीनिवास अभ्यंकरांकडे पाहुणा आला, की त्याची सुटका नसे. पोह्यांची बशी रिकामी होते न होते तोच ते त्याला ॲबीच्या, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाच्या, पडक्या भिंतींपाशी घेऊन जात. माणूस हॉस्पिटलात भूल देणारा, पण डोक्यात ठाण मांडून बसलेले इंग्लंडचे जुने राजे. सांगलीच्या शाळेत घोकलेली सनावळी इथे येऊन कामाला आली, एवढंच. त्यातही पहिला हेन्री लाडका. पस्तीस वर्षं राज्य केलं, ही ॲबी बांधली, इथेच त्याला पुरलं, आणि आज त्याची कबर नेमकी कुठे ते कोणालाच ठाऊक नाही. "तुमच्या बुटाखालीही असेल," असं ते पाहुण्याला खुशीत सांगत.

मग गलबताची गोष्ट. अकराशे वीस साल. हेन्रीचा एकुलता एक वारस समुद्रात बुडाला. दरबारात सगळ्यांना कळलं, पण राजाला सांगायची छाती कोणाची होईना. शेवटी एका लहान पोराला पुढे ढकललं. ते रडत राजाच्या पायांवर पडलं. "कमरेला तलवारी लावणारे एवढे सरदार, आणि सांगायला कोण, तर पोर!" म्हणून श्रीनिवास हसत. बायको नंदा हे वीस वर्षं ऐकत होती. ती मनात रात्रीच्या भाजीचा विचार करी.

अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात श्रीनिवासांची बायपास झाली. ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी सांगलीहून धाकट्या दिराचा, यशोधनचा, फोन आला. सासूबाई गेल्या होत्या, झोपेतच.

"वहिनी, दादाला आत्ता काही सांगू नका. इथलं सगळं मी करतो."

"अहो भावजी, ते थोरले आहेत. त्यांना न सांगता कसं चालेल?"

"दादाला काही झालं तर?"

नंदाने फोन ठेवला आणि जयंतला विचारलं. जयंत श्रीनिवासांचा मित्र, त्याच हॉस्पिटलात डॉक्टर. रोज दोन-चार घरांना वाईट बातमी सांगणारा माणूस, पण तोही चष्मा पुसत म्हणाला, "सहा वीक्स जाऊ देत, वहिनी. मग मी सांगेन." सहा आठवडे हा आकडा त्याने कुठून काढला, देव जाणे. आपलं कातडं वाचवायला वैद्यकीय सल्ल्यासारखी सोय नाही.

श्रीनिवास घरी आले तेव्हा सुतकाचे चार दिवस बाकी होते. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या देवांपुढे दिवा नव्हता. दिवा लावावा तर सुतक मोडतं, न लावावा तर यांना दिसतं. नंदा पुरती कात्रीत सापडली. संध्याकाळी त्यांनी विचारलंच, "दिवा नाही लावलास?"

"वाती संपल्यात," ती चटकन म्हणाली.

वाती सांगलीहून यायच्या. सासूबाई स्वतः वळून, दर वर्षी कोणाच्या तरी बॅगेतून पाठवायच्या.

"मग आईला कळव. तिला तेवढंच काम."

"कळवते," नंदा म्हणाली आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. तिला स्वतःची किळस आली.

सुतक फिटलं, नंदाने डोक्यावरून पाणी घेतलं आणि दिवा लावला. श्रीनिवासांनी दिव्याकडे पाहिलं, पण वाती कुठून आल्या ते विचारलं नाही. आईच्या पत्राची चौकशी त्यांनी एकदा केली, मग तीही सोडली. नंदाला बिचारीला हायसं वाटलं. थोडक्यात निभावलं, असं तिने जयंतला फोनवर सांगितलंसुद्धा.

सहा आठवडे झाले. रविवारी जयंत आला. आता हा सांगेल म्हणून नंदा दारातच थांबली, तर हा म्हणतो, "चला, ॲबीपर्यंत वॉक घेऊ. मोकळ्या हवेत बरं पडेल."

भिंतींपाशी श्रीनिवास बाकावर बसले. जयंत खोकला, घड्याळ पाहिलं, आणि शेवटी म्हणाला, "ती तुझी गोष्ट सांग ना. गलबताची."

नंदाने जयंतकडे रागाने पाहिलं. याला दुसरं काहीच सुचू नये?

"गलबत बुडालं," श्रीनिवास म्हणाले. "सगळ्यांना कळलं." एवढं बोलून ते थांबले. मग ते नंदाकडे वळले. "वाती डाव्या ड्रॉवरमध्ये होत्या. डबा भरून. मी त्याच संध्याकाळी पाहिल्या."

नंदा त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं."

जयंत पाठ फिरवून भिंतीकडे पाहत राहिला.

"दहावा यशोधनने केला?"

"हो."

"कावळा शिवला?"

"पटकन नाही शिवला म्हणे," नंदा म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. श्रीनिवासांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. छातीची शिवण अजून दुखत होती, त्यामुळे तो हात त्यांना नीट उचलवतही नव्हता.

घरी आल्यावर ते कोट न काढताच स्वयंपाकघरात गेले. ड्रॉवर उघडून त्यांनी डबा बाहेर काढला, झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा घट्ट लावलं आणि नंदाच्या हातात दिला.

"जपून वापर," ते म्हणाले. "आता येणार नाहीत."