लोखंडी तुकड्याचं वजन
माझी ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस वर्षं परिचर होती आणि बारावीच्या भौतिकशास्त्रात नापास होती. या दोन्ही गोष्टी ती सारख्याच तोऱ्यात सांगायची. दुसरी ऐकली की माझं डोकं फिरायचं. अहो, झाकली मूठ ठेवावी की नाही माणसाने?

नापास झाली होती ती अवघ्या दोन गुणांनी. प्रश्न असा होता, की एका गाठीला दोन दोरे काटकोनात ओढताहेत, एकाची ओढ तीन, दुसऱ्याची चार, तर मिळून किती? ताईने लिहिलं सात. उत्तर होतं पाच. त्याच महिन्यात बाबा गेले आणि ताई शाळेत परीक्षानळ्या धुवायला लागली. पुन्हा परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही.

तो पाच मात्र तिने नंतर हाताने शिकून घेतला. फळीवर दोन कप्प्या, त्यांवरून दोरा, दोन्ही टोकांना वजनं आणि मधल्या गाठीला तिसरं वजन. हे सगळं ती डोळे मिटून मांडायची. एकदा आम्ही घरातलं कपाट हलवत होतो. मला ते दाराशी हवं होतं, तिला खिडकीशी. कपाट दोघींच्या मधूनच तिरकं सरकत गेलं. ताई म्हणाली, आपली थोडी थोडी ताकद एकमेकींना अडवण्यातच जाते, म्हणून सात होत नाहीत. या घरात हे नवीन नाही, मी म्हटलं. कपाट खोलीच्या मधोमधच राहिलं.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा तिने परीक्षेचा अर्ज भरला. मी वाट्टेल ते बोलले. ज्या पोरांना नळ्या धुऊन दिल्या त्यांच्या रांगेत बसून पुन्हा नापास झालीस, तर चाळीस वर्षांची अब्रू जाईल, म्हटलं.

"मला ते सात खोडायचेत," एवढंच ती म्हणाली.

प्रात्यक्षिक तिच्याच शाळेत होतं. आमच्या ताईबाई रजा टाकून, ठेवणीतले कपडे घालून गेल्या, आणि काय करावं? सवयीने सगळ्या टेबलांवरच्या कप्प्या तपासत, तेल घालत फिरल्या! बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, तुमचं टेबल कुठलं, तेव्हा कुठे भानावर आल्या. वीस मिनिटं गेली होती.

तिला एका लोखंडी तुकड्याचं वजन काढायचं होतं. तुकडा रोजच्या ओळखीचा. सामानाच्या यादीत तिच्याच अक्षरात एकशेऐंशी ग्रॅम लिहिलेला. तिने तो मधल्या गाठीला टांगला, गाठ स्थिर होऊ दिली, कप्प्या अडकू नयेत म्हणून फळीवर बोटाने टिचकी मारली, कागदावर दोऱ्यांच्या खुणा केल्या, समांतरभुज चौकोन काढला आणि कर्ण मोजला. आले एकशेएकाहत्तर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच मिनिटं उरली होती. मी असते तर गुपचूप एकशेऐंशी लिहून मोकळी झाले असते. ताईने एकशेएकाहत्तर लिहिलं.

परीक्षकांनी यादी पाहिली आणि नकारार्थी मान हलवली.

"यादी माझ्याच हातची आहे," ताई म्हणाली, "पण दोरे एकशेएकाहत्तर म्हणताहेत. तराजूवर टाकून बघा."

तराजूने एकशेबाहत्तर दाखवले. तेव्हा तिला आठवलं. कधीतरी तुकडा पडून त्याचा जाड हूक मोडला होता आणि तिनेच बारीक हूक बसवला होता. यादी दुरुस्त करायची राहिली होती. परीक्षक हसले आणि त्यांनी तिला पेन दिलं. तिने एकशेऐंशीवर रेघ मारली.

निकाल लागला. ताई पास. मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? ती मात्र घरभर हसत फिरत होती. फिरता फिरता मधल्या कपाटावर आपटली.

मी उठले आणि तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दोघींनी खिडकीकडे जोर लावला. कपाट सरळ, एका दमात भिंतीला जाऊन टेकलं.

"आता झाले बघ सात," ताई म्हणाली.