कुसाबाईचा हात

माझ्या कलाआत्याचे हात आखूड. नवा ब्लाउज घेतला की बाही कापावीच लागते. एसटीत कंडक्टर म्हणून लागली तेव्हा घंटीची दोरी तिच्या हाताला येईना. पहिल्याच दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "बाई, स्टूल आणू का?" आत्यानं पिशवीतून तिकिटाचा पंच काढला आणि दांडीवर दोनदा ठोकला. "ऐकू आलं ना? मग काढा गाडी." पुढं तिकिटाची मशिनं आली, पण पंच काही सुटला नाही. नाशिक-लासलगाव रस्त्यावर रिटायर होईपर्यंत तिनं असेच दोन ठोके देऊन गाड्या सोडल्या. आता सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि भाजीच्या गाडीवर गर्दी झाली तरी लोकांना 'पुढं सरका' म्हणते.

तिला कुणी एक बोललं तर ती दोन परत करते. फक्त विंचूरच्या घराचा विषय निघाला की गप्प व्हायची.

ते घर कुसाबाईनं बांधलं, असं माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील अण्णा, सांगायचे. कुसाबाई म्हणजे त्यांची आई, आत्याची आजी. ऐन तरुणपणी नवरा गेला, पदरात एक पोर. ती बाजारात कांदे निवडायला गेली, म्हशी पाळल्या, वाढवल्या, विकल्या आणि धाब्याचं घर उभं केलं. उताऱ्यावर नाव मात्र लागलं धाकट्या दिराचं, खंडेरावांचं. त्या काळी बाईच्या नावावर घर कोण चढवणार? पुढं खंडेरावांच्या मुलांनी गोष्टच फिरवली. म्हणे, खंडेरावांनी घर बांधलं आणि विधवा भावजयीला पोरासकट आसरा दिला. कागद त्यांचा आणि तोंडंही त्यांचीच जास्त. भावकीतल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी म्हणायचंच, "अण्णा आमच्या वळचणीला वाढले." आजोबा खाली मान घालून जेवत राहायचे. त्या जेवणावळींचा मला अजून संताप येतो. घरी आल्यावर ते आत्याचे हात धरून एवढंच म्हणायचे, "माझ्या आईचेच हात घेऊन आलीस गं." आणि तसेच मान खाली घालून ते गेले.

घर खंडेरावांच्या मुलांनी कधीच एका व्यापाऱ्याला विकलं होतं. तो तिथं बारदान ठेवायचा. गेल्या वर्षी त्यानं ते पाडायला काढलं, तेव्हा खंडेरावांचा नातू महेश धावून आला. महेश नाशकात बिल्डर आहे. ताडमाड उंच, अगदी आजोबांसारखा, असं तो स्वतःच सांगतो. गावात भावकीनं खंडोबाच्या देवळाला नवा सभामंडप बांधला होता. जुन्या घराचा सागवानी दरवाजा चौकटीसकट काढून मंडपाला बसवायचा आणि वर संगमरवरी पाटी लावायची असा त्याचा बेत. 'कै. खंडेराव यांनी स्वकष्टाने बांधलेल्या घराचा दरवाजा.' सगळ्या भावकीला निरोप गेला, आम्हालाही आला.

"जायचं," आत्या म्हणाली. "स्वकष्ट म्हणे! चल हर्षाली, बघूच."

दरवाजा काढायला धोंडीराम सुतार आला होता. पण आधी महेशचं भाषण झालं. "पूर्वी घर टेपनं मोजत नव्हते. घरधन्याचा हात घ्यायचे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तेवढी काठी तोडायची आणि त्या काठीनं पाया आखायचा, चौकट करायची. या घराच्या प्रत्येक मापात माझ्या आजोबांचा हात आहे!"

टाळ्या पडल्या. धोंडीराम म्हणाला, "खरं हाय. आन अर्धा-पाव हात ठिवत नव्हते. पुरा हातच पायजे."

आत्या मागून म्हणाली, "मग मोज की महेश. तू तर त्यांच्याच मापाचा."

महेशला वाटलं, छान फोटो निघेल. त्यानं बाही सारली आणि उंबऱ्यापासून वर हात लावत गेला. तीन हात भरले आणि वर चार बोटं उरली.

"आजोबा माझ्यापेक्षाही उंच होते," तो म्हणाला.

"असतील. आता रुंदी मोज."

रुंदी दीड हाताच्या थोडी वर गेली. मोबाईल धरलेले दोन-तीन हात खाली आले.

मग आत्या पुढं झाली. पदर खोचला, कोपर उंबऱ्याला टेकवलं. धोंडीराम खडूनं खुणा करत गेला. शेवटचा हात भरायला कोपर तेवढं उंच टेकवता येईना, तर तिनं माझ्या हातातली छत्रीची काठी आपल्या मापानं धरून दाखवली. बरोबर चार हात. रुंदी बरोबर दोन. कुणी काही बोलायच्या आत ती घरात शिरली. आतली कडी, दिव्याचा कोनाडा, फडताळाची वरची फळी, सगळं टाचा न उचलता तिच्या हाताला येत होतं. जन्मभर ज्या बाईला प्रत्येक गोष्ट उंच पडली, ती त्या कोनाड्यात हात ठेवून ढसाढसा रडली. मीही रडले.

महेश मात्र म्हणाला, "योगायोग आहे. आणि पाटी आता कोरून झालीय, ताई."

आत्यानं डोळे पुसले. "लाव तुझी पाटी. मी दारात उभी राहीन."

आणि राहिली. चैत्री पौर्णिमेला मंडपाचं उद्घाटन होतं. ती सकाळीच चौकटीला टेकून उभी. येईल त्याला एकच सांगणं, "हात लावा, मोजा आन पुढं सरका." सुरुवातीला लोक हसले, मग रांग लागली. बाप्यांचे हात लांब पडले, पोरांचे तोकडे. महेश दात-ओठ खात होता. तेवढ्यात त्याची आई भागीबाई, खंडेरावांची सून, काठी टेकत आली. तिनं दार मोजलंच नाही.

"मोजता कशाला?" ती म्हणाली. "मामंजींच्या कपाळाला ही चौकट रोज लागायची. रोज शिव्या द्यायचे. सोताच्या घराला असं दार कोणी ठिवील का? मी लगीन होऊन आले तवापासून मला म्हाईत हाय. बोलले नाय, येवढंच."

महेश आईकडे बघत राहिला. मला तर त्याची कीवही आली नाही.

दिवाळीच्या आत पाटी बदलली. आम्ही बघायला गेलो तेव्हा महेश तिथंच होता, दारातून वाकून बाहेर आला. आत्यानं पाटी मोठ्यानं वाचली, 'कै. कुसाबाई यांनी स्वकष्टाने बांधलेल्या घराचा दरवाजा.' मग ताठ चालत आत गेली. मंडपातली घंटा महेशनं आपल्या मापानं टांगलेली. आत्याचा हात कुठला पोचायला!

"ताई, मी वाजवतो," महेश म्हणाला.

"राहू दे."

तिनं पिशवीतून पंच काढला आणि कुसाबाईच्या चौकटीवर दोनदा ठोकला.

"चला अण्णा," ती म्हणाली. "आता मान वर करा."