दोन ग्लासांमधलं बोलणं

माणसाच्या तोंडून जे जे निघतं, त्यातलं दुनियेत किती जाऊ द्यायचं आणि किती आपल्यापाशी ठेवायचं, हे अख्ख्या बीड जिल्ह्यात एकाच माणसाला नेमकं कळलेलं आहे आणि तो माणूस आमच्या छापखान्याला लागून असलेल्या गाळ्यात बसतो. हे मी उगाच म्हणत नाही. माझा धंदा लग्नपत्रिका, बॅनर आणि तेरवीची कार्डं छापण्याचा. आयुष्य लोकांचं बोलणं कागदावर आणण्यात गेलं, पण छापायचं काय आणि गाळायचं काय याची इतकी पक्की समज मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. घाटनांदूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. पुढे मोबाइल दुरुस्ती, मग एक पडदा, आणि पडद्याआड एक संगणक, ज्यावर ते मोबाइलची ॲप तयार करतात. सगळी गल्ली त्यांना भाईजान म्हणते. मीही भाईजानच म्हणतो, वयाने ते माझ्याहून चांगले लहान असले तरी.

पहिल्यांदा त्यांच्या संगणकात डोकावलो तेव्हा मी हबकलोच. सगळीकडे इंग्रजी अक्षरांची गिचमिड आणि तिच्या मधोमध चक्क मराठी: 'इथवर आलो', 'यादी मागितली, अजून आली न्हाई', 'आली बाबा एकदाची'. गिऱ्हाइकाला हे दिसतं का, असं मी विचारलं. भाईजानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला समोर बसवून समजावलं. ॲप बनवताना ते जागोजाग स्वतःसाठी अशा खुणा पेरून ठेवतात, म्हणजे गाडी कुठं अडली ते कळतं. चाचणीपुरती खोटी नावं, खोटे भाव, कसलेकसले आवाज, हेही त्यातच. या सगळ्याच्या वर एक ओळ असते, 'इफ डीबग', आणि खाली दुसरी, 'एन्ड इफ'. लिहिलेल्या कोडचं ॲप करणारा जो प्रोग्राम असतो, कंपायलर, तो चाचणीची प्रत काढताना या दोन ओळींमधलं सगळं घेतो. लोकांसाठीची प्रत काढताना मात्र मधलं जणू कुणी कधी लिहिलंच नव्हतं अशा थाटात पुढे निघून जातो. ते झाकलेलं नसतं की बंद केलेलं नसतं, त्या प्रतीत ते नसतंच. भाईजान याला कुंपण म्हणतात. मी म्हणालो, काम झाल्यावर सरळ पुसून का टाकत नाही?

"कावून पुसायचं, भाऊ? उद्या पुन्ना बिघडलं की पुन्ना तेच लिवावं लागतंय. राहू द्या की तिथंच. बाहेर गेलं न्हाई म्हंजे झालं."

मी दुकानात परत येऊन आमच्या छपाईच्या मशीनकडे बराच वेळ बघत बसलो. आमच्या धंद्यात असं कुंपण नाही. एका छापखान्याने (तो आमचा नव्हे, असं मी सगळ्यांना सांगतो) पत्रिकेच्या प्रुफावर नवरदेवाच्या काकांनी पेनाने लिहिलेलं 'धाकट्या आत्याचं नाव खाली घ्या, ती येणार नाही' हे वाक्य जसंच्या तसं निमंत्रकांच्या यादीत छापून दिलं होतं. आत्या आली, आणि पत्रिका हातात घेऊनच मांडवात शिरली.

अशा गोष्टींवर बाकीचे लोक हसतात. भाईजानांचा मात्र चेहरा उतरतो. लांबच्या गावच्या कुणा पोराने एका मंगल कार्यालयाला बुकिंगचं ॲप करून दिलं होतं आणि चाचणीचं पान कुंपणात न ठेवता, नुसतं एका चोर बटणामागे लपवून ठेवलं होतं. कुणाचं तरी बोट त्या बटणावर पडलं आणि ऐन दाट तिथीचं कार्यालय 'टेस्ट टेस्ट' या नावाने राखून झालं. मालक भला माणूस. पार्टी परराज्यातली दिसते, आडनाव वेगळं आहे, पण आपल्याकडून आदरातिथ्यात कमी नको, म्हणून त्याने कमानीवर लावायला माझ्याकडून बॅनर करून नेला: 'टेस्ट परिवाराचे सहर्ष स्वागत'. मी गणपती टाकून, फुलांच्या माळा टाकून, झकास छापून दिला. दिवसभर कार्यालय रिकामं राहिलं आणि खरी वऱ्हाडं दुसरीकडे गेली. ही हकीगत सांगताना माझ्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं, तर भाईजान जागेवरून उठले आणि पडद्याआड जाऊन आपली सगळी कुंपणं एकेक करून तपासत बसले. बटण ठेवलं की कुणीतरी दाबतंच, एवढंच म्हणाले.

हे सगळं संगणकापुरतं राहिलं असतं तर मी त्यांना हुशार कारागीर म्हणून सोडून दिलं असतं. पण भाईजानांनी कुंपण जगण्यात आणलं. त्यांच्या टेबलावर चहाचे दोन काचेचे ग्लास कायम पालथे असतात. मनातलं बोलायचं झालं की ते एक ग्लास डावीकडे सरळ मांडतात, बोलतात, आणि संपलं की दुसरा उजवीकडे मांडतात. या दोन ग्लासांमधलं जे असेल ते दुकानाबाहेर जात नाही. त्यावर कुणी रागवायचं नाही आणि नंतर त्याचा विषयही काढायचा नाही. माझ्या नव्या बोर्डावरची अक्षरं कशी दिसतात हे त्यांनी मला याच पद्धतीने सांगितलं. दुसरा ग्लास ठेवल्यावर ते नेहमीसारखे म्हणाले, "मुबारक हो भाऊ, बोर्ड लई झाक झाला." आणि गंमत अशी की मला दोन्ही खरं वाटलं.

हळूहळू गल्लीने ही रीत उचलली. नवराबायको, भाऊभाऊ, शेताचे भागीदार असे लोक मोबाइलची काच बदलायचं निमित्त करून येऊ लागले आणि ग्लास मांडून मोकळे होऊन जाऊ लागले. आमच्या भागातले एक पुढारी वाढदिवसाचं ॲप करून घ्यायला आले होते. त्यांनी ही पद्धत पाहिली, कार्यकर्त्यांना बाहेर पाठवलं, स्वतःच्या हाताने डावा ग्लास मांडला आणि बराच वेळ बोलले. काय बोलले ते पडद्यापलीकडून मला ऐकू आलं, पण सांगणार नाही. जाताना माणूस आठवडाभर झोप मिळाल्यासारखा दिसत होता. मात्र दुसरा ग्लास ठेवायचं ते विसरले. भाईजान उजवा ग्लास हातात घेऊन भर रस्त्यात त्यांच्या गाडीमागे पळाले. मी म्हणालो, जाऊ द्या की. तर म्हणाले, जाऊ कसं देणार, कुंपण उघडं राहिलं तर हे इथून पुढं जे काही बोलतील ते सगळंच न बोलल्यात जमा होईल. यावर गल्लीत जे मत पडलं तेही मी सांगणार नाही. पण त्यांनी गाडी थांबवली, खिडकीतून साहेबांच्या हातात ग्लास दिला, साहेबांनी तो डॅशबोर्डवर ठेवला, आणि मगच दोघांचं समाधान झालं.

आता अब्बांबद्दल. भाईजानांचे वडील आमच्याकडच्या फळांच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, बोली पुकारायचे. सीताफळाच्या हंगामात डोंगराकडची माणसं कॅरेट घेऊन यायची, धर्मापुरीपासूनचे लोक असायचे, आणि अब्बा उलट्या कॅरेटवर उभे राहून आवाज लावायचे. रेल्वे फाटकापलीकडे उभ्या माणसाला कळायचं की आता कुणाचा माल निघाला. नुसता मोठा आवाज नव्हता तो. 'दोन बार' म्हणताना ते असं काही रेंगाळायचे की व्यापाऱ्याचा खाली गेलेला हात पुन्हा वर यायचा, आणि 'तीन बार' इतकं बेतशीर उतरायचं की हरलेला माणूसही कुरकुर करायचा नाही. गल्लीत कुणी त्यांना नाव घेऊन हाक मारली नाही, मीही अब्बाच म्हणायचो.

मग घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज परत येईल असं वाटत होतं, तरी मधल्या दिवसांसाठी भाईजानांनी हर्राशीचं ॲप करायला घेतलं. अब्बांनी आकडा दाबायचा आणि भोंग्यातून बोली पुकारली जायची. चाचणीसाठी त्यांनी ऑपरेशनच्या आधी अब्बांकडून सगळे आकडे, 'बोला, बोला', 'गोड माल हाय', एक बार, दोन बार, तीन बार, असं सगळं म्हणून घेतलं. पण अब्बांनी तेव्हाच बजावलं होतं. "माझा आवाज बाजारात मीच घेऊन जाणार. फोनमधून जाणार न्हाई." भाईजानांनी मान डोलावली आणि अब्बांचा अख्खा आवाज कुंपणात ठेवला. लोकांच्या प्रतीत एका बाईचा तयार आवाज टाकला.

ऑपरेशन झालं, पण आवाज काही परत आला नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मीही मुद्दाम बाजारात गेलो होतो. अब्बा नवा शर्ट घालून, हातात फोन घेऊन आपल्या कॅरेटवर उभे होते. त्यांनी आकडा दाबला आणि भोंग्यातून ती बाई अत्यंत अदबीने म्हणाली, "कृपया आपली बोली नोंदवा." कुणीतरी मागून विचारलं की बाई कुठल्या गावची. मग हसू पसरलं आणि हसू ओसरल्यावर पंचाईत झाली, कारण तिचं 'एक बार' आणि 'तीन बार' एकाच पट्टीत यायचं. हात कधी वर करायचा आणि सौदा कधी सुटला हेच कुणाला कळेना. माल तसाच पडून राहिला. सीताफळ थांबणारं फळ नाही, दुपारपर्यंत मऊ पडू लागतं. शेवटी व्यापाऱ्यांमधले एक वडीलधारे गृहस्थ अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुम्ही आता बसून राहा, उद्यापासून सिरसाळ्याचा एक पुकारणारा बोलावतो. ते फार मायेने म्हणाले, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. अब्बा कॅरेटवरून उतरले आणि त्याच कॅरेटवर बसले.

दुपारी आम्ही तिघं पडद्याआड बसलो होतो. मी भाईजानांना म्हणालो, अब्बांचा आवाज तुमच्यापाशी आहे, दोन ओळी इकडच्या तिकडे करायच्या फक्त, मग बसलात काय? मला खरोखर राग आला होता. भाईजानांनी डावा ग्लास मांडला. म्हणाले, "अब्बांनी शब्द घेतलाय, भाऊ. बोलता येत होतं तवा घेतलाय. आता त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई, म्हनून मी नेऊ का तो बाजारात?" आणि उजवा ग्लास मांडला.

मला वाटतं त्या माणसाबद्दल आजवर वाटलेलं सगळं कौतुक त्या एका क्षणापुढे किरकोळ होतं.

अब्बा दोन्ही ग्लासांकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, डावा ग्लास उचलला, उजवा उचलला, दोन्ही एकात एक घातले आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवून दिले. टेबलावर कुंपणच उरलं नाही. भाईजान संगणकाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याचा माणूस आला होता. तो बिचारा हात बांधून बाजूला उभा राहिला आणि ऐकत राहिला. भोंग्यातून "बोला, बोला, गोड माल हाय" असं निघालं आणि रेल्वे फाटकाजवळ रिक्षा लावून बसलेला माणूस उठून उभा राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अब्बा कॅरेटवर होते. आकडा दाबायचे, आणि त्याच वेळी त्यांचे ओठ हलायचे. 'दोन बार' किती रेंगाळवायचं ते आता त्यांच्या बोटावर होतं आणि बोटालाही ते बरोबर येत होतं. हात वर जात होते. सिरसाळ्याच्या पुकारणाऱ्याने जाताना अब्बांचे दोन्ही हात हातात घेतले, चहा पिऊन निघून गेला, आणि पुन्हा त्याला बोलावण्याची वेळ आली नाही.

त्याला आता बरेच हंगाम झाले. ॲपमध्ये काही बिघाड नाही, तक्रार नाही. तरी भाईजान रोज दुपारी जेवणाआधी एकदा टेस्टिंग करतात आणि मला हे कोडंच होतं, की न बदललेल्या गोष्टीची हा माणूस रोज कसली परीक्षा घेतो. परवा पत्रिकेचा एक फोटो मोबाइलमधून काढून घ्यायला पडद्याआड गेलो, तेव्हा ते नेमके तेच करत होते. अब्बा कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. आकडे झाले, 'एक बार' झालं, 'तीन बार' झालं. मला वाटलं संपलं. तर थोडं थांबून तोच आवाज आला, पण बाजारातला नव्हे, घरातला, अगदी हळू: "हो गया क्या रे? चल बेटा, खाना ठंडा होरा."

रेकॉर्डिंग थांबलं असं समजून अब्बा त्या दिवशी बोलून गेले होते. बाजारासाठीच्या प्रतीत भाईजानांनी ते येऊ दिलं नाही. कुंपणात मात्र ठेवलं, चाचणी शेवटपर्यंत पोचल्याची खूण म्हणून. मी अब्बांकडे वळलो तर ते उठलेच होते आणि पायाने चप्पल शोधत होते. स्वतःच्या हाकेवर ते मुलाच्या खांद्याला धरून जेवायला निघाले, आणि भाईजानही एखाद्या लहान पोरासारखे त्यांच्याबरोबर गेले. मी फोटो न घेताच परत आलो.

खरं तर हे मी तुम्हाला सांगायला नको. पण लिहायला बसलो तेव्हा मी टेबलावर डावीकडे एक ग्लास मांडून ठेवला होता. हा दुसरा, आता ठेवतो.